टाकीजवळची जागा

माझं माहेर वडनेरकडचं, हिंगणघाट तालुक्यातलं, अन् दिलं मले इकडं आर्वीकडं. जिल्हा एकच, पण त्या वक्ती आम्हाले हे परदेशासारखंच, एसट्या बदलत बदलत यावं लागे अन् येता येता दिवस बुडे. बाप माझा भाजीपाल्याचाच माणूस, वांगे, भेदरं म्हणजे टमाटे, पालक, सांबार, सांबार म्हणजे तुम्ही कोथिंबीर म्हणता ते, अन् सासरी बी तेच, त्याच्यामुळं लग्न होऊन आली तं मले काही नवीन वाटलं नाई, हात मातीत होते ते मातीतच राह्यले. नाव माझं कांता. बाजारात मले सगळे कांताबाई म्हणतात. घरी नावानं कोणी हाक मारत नाई, घरी मी पहिले सून होती, मंग माय झाली, आता सासू आहे.

तुम्ही म्हणता संस्थेबद्दल सांगा. सांगते. पण संस्थेबद्दल सांगायचं तं पहिले जागेबद्दल सांगावं लागते, जागा नाई समजली तं बाकीचं काहीच समजणार नाई.

आर्वीचा आठवडी बाजार भरते तिथं एका बाजूनं पाण्याच्या टाकीची भिंत आहे. दुपार कलली का त्या भिंतीची सावली पडते, अन् त्या सावलीत चार-पाच बायका बसतील एवढीच जागा, बाकी सारा भाजीबाजार उन्हात. त्या सावलीतली एक जागा माझ्या सासूची. कागद नाई, काही नाई. वसुलीवाला माणूस येते तो बसल्याची पावती फाडते, जागेची नाई. जागा कोणाची हे बायकाच ठरवतात. नवी बाई आली का तिनं पार शेवटी बसायचं, नालीजवळ, तिथं वास येते अन् गिऱ्हाईक नाकाले पदर लावून जाते. मंग कोणी म्हातारी होऊन घरी बसली, कोणी मेली, का एकेक बाई वर सरकते. माझी सासू अशी नालीपासून सरकत सरकत टाकीपाशी आलती, तिची अर्धी उमर त्याच्यात गेली, अन् मले तिनं लग्नानंतर बाजारात नेलं अन् आपल्या पोत्यावर सरकून म्हटलं, बस इथं. तेवढंच म्हटलं. ती बोलायची कमी.

आता तिथला नियम ऐका. बाई बिमार पडली, बाळंतीण झाली, का घरी मयत झाली, तं तिच्या शेजारची बाई तिच्या जागेवर तिचं बाजारातच ठेवलेलं पोतं अंथरते अन् पोत्यावर एक गोटा ठेवते. नदीतला गोल दगड, दुसरं काही नाई. तो गोटा दिसला का कोणी तिथं बसत नाई, बाजारात पाय ठेवाले जागा नसली तरी बसत नाई. पण दुसऱ्या कोणत्याच कारणासाठी गोटा ठेवत नाई. लग्नाले गेली, देवाले गेली, माल दुसरीकडं विकला, तिले गोटा नाई. अन् बाई बिमार असली तं बाजारातल्या बायका तिले पाहाले जातात तेव्हा ते पोतं अन् तो गोटा संगं नेतात, तिच्या खाटेवर ठेवतात, म्हणतात पाह्य, तुझी जागा आहे, लवकर येजो, अन् निघताना परत घेऊन जातात. परत नेणं महत्त्वाचं. पोतं घरीच सोडून गेल्या तं समजायचं का जागा गेली.

माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात घेऊन आलत्या. नर्स ओरडली, हे घाणेरडं पोतं वॉर्डात कोणी आणलं म्हणून. पारबतानं तिले सांगतलं, हे औषध आहे, तुमच्याकडं भेटत नाई. पारबता म्हणजे माझी शेजारीण, बाजारातली शेजारीण, तिचं गाव वेगळं, माझं वेगळं, पण घरच्या माणसाइपेक्षा जास्त बोलणं आमचं झालं असन. तोंडानं तिखट बाई. माझा गोटा तिनं ठेवायचा, तिचा मी.

काय सांगू तुम्हाले, घरात बाईले जागा असतेच, पण ती कोणाची तरी बायको म्हणून असते. टाकीजवळची जागा माझी होती.

आता एक आधीच सांगून ठेवते, मी संशयी बाई आहे. कोणी काही फुकट दिलं का मी त्याच्या मागं काय आहे ते पाह्यते. मंगेशचं, माझ्या पोराचं, लग्न जुळलं तेव्हा बी तसंच. पल्लवी शिकलेली, बाप आर्वीले कचेरीत बाबू, अन् आजकाल शेतीवाल्याले कोणी पोरगी देत नाई, चपराशी चालते पण शेतकरी चालत नाई, अन् हे लोक स्वतःहून घरी येऊन पोरगी देऊन राह्यले, काऊन? मी पुष्कळ जागी, गंज चौकशी केली. पोरीले काही दुखणं आहे का, आधी कुठं जुळून मोडलं का, बापावर काही आहे का. काही नाई निघालं. निघालं एवढंच का दोघाइनं कॉलेजातच ठरवून ठेवलं होतं अन् मले सोडून सगळ्याइले माईत होतं, घरच्या माणसाले बी, म्हणजे याइले बी. हे म्हणाले, तुले सांगतलं असतं तं तू कॉलेजात जाऊन चौकशी केली असती.

पल्लवी घरी बसणारी नव्हती. वर्ष झालं नसन, तिनं बापाच्या वस्तीत भाजी पोचवणं सुरू केलं, तिथं सारे मास्तर, बाबू, बँकेतले लोक, फोनवर सांगायचं अन् सकाळी भाजी दारात, धुतलेली, निवडलेली. मेथी बी निवडून. मी म्हटलं, मेथी आपण निवडून द्यायची तं त्या बायका घरी काय करतात? ती म्हणे, आई, त्या नोकरी करतात. मंग तिनं गावातल्या दुसऱ्या बायकाइची भाजी बी घेणं सुरू केलं. अन् एक दिवस म्हणे, आई, एक संस्था आहे, आपल्याच गावासाठी काही करणाऱ्या तरुण पोराइले ती मदत करते, वर्षभर पैसे देते, शिकवते, मोठ्या लोकाइच्या ओळखी करून देते, अन् माझं नाव लागलं.

मी म्हटलं, अन् घेते काय?

काही नाई, म्हणे.

मी म्हटलं, मंग तं लय महाग आहे.

तिले हसू आलं, मले नाई आलं. म्हणे मले आता सामाजिक उद्योजक म्हणतील. मी याइले विचारलं, हे काय असते, उद्योजक म्हणजे कारखानावाला अन् सामाजिक म्हणजे चंदा मागणारा, दोन्ही मिळून काय होते? हे म्हणाले, आमदार.

मंग संस्थेचे सर आले. तरुण पोरगाच, पुण्याकडचा, दाढी ठेवलेली, आल्या आल्या माझ्या पाया पडला. मी पाय मागं घेतले. ओळख नाई पाळख नाई, माणूस पाया पडते म्हणजे काही तरी मागणार. खाली बसून जेवला, झुणका दुसऱ्यांदा मागून घेतला, ताट स्वतः उचलून नेलं. मी सारं पाहून राह्यली होती. मले म्हणे, मावशी, बाजारात दिवसभर बसायला त्रास होत असेल ना? मी म्हटलं, बसाले कसला त्रास, उभं राह्यलं तं त्रास. तो हसला, पण ते त्यानं लिहून नाई घेतलं. बाकी सारं लिहून घेत होता.

त्या रात्री नाई, दुसऱ्या दिवशी वाफे करताना मी मंगेशले म्हटलं, तिनं कुठं सही केली असन तं पाहून घे, वावर आपल्या नावावर आहे ना अजून? तो चिडला. मंग मले वाटलं हे तिले पुण्याले नेतील. एकदा वाटलं हे निवडणुकीसाठी असन. संस्थेवाले आले का मी चहा करून देत होती अन् दाराआड उभी राहून ऐकत होती, अन् त्याइच्या बोलण्यात वावर नाई, पुणं नाई, निवडणूक नाई, सारखं एकच, समस्या काय अन् उपाय काय. मले त्याचाच जास्त संशय आला. ज्याइले काहीच नाई पाहिजे त्याइले काय पाहिजे हे कसं समजायचं?

खोटं काऊन बोलू, कामं झाले. बॅटरीची गाडी आली, हिरवी, मंगेशनं तिची पूजा केली, गाडीवर पल्लवीचं नाव लहान अन् संस्थेचं मोठं. गावात एक विधवा बाई आहे, गुडघ्यानं अधू, तिची मेथी घरीच सुकून जाये, आता पल्लवी दारातून उचलते. बायका म्हणत, कांताबाई, सून मोठी केली तुम्ही. मी म्हणे, मी कुठं, संस्थेनं केली. हळूहळू गावातल्या सगळ्याइनं बाजार सोडला, त्याइच्या जागा तशाही उन्हात होत्या, नालीकडं. मी नाई सोडला. अर्धा माल गाडीवर, अर्धा डोक्यावर, बाजाराच्या दिवशी मी पहिल्या एसटीनं आर्वीले. पल्लवी काही म्हणत नव्हती. ते बी मले खटकत होतं.

मंग वर्ध्याले कार्यक्रम झाला. सगळ्या गावचे पोरं-पोरी आपापलं काम सांगणार, घरच्याइले बी बोलावलं होतं. मोठा हॉल, खुर्च्यांले पांढरे कपडे. एकेक पोरगं वर जाये अन् मागं पडद्यावर फोटो येत, पहिले समस्या, मंग उपाय. एकानं गढूळ पाण्याचा फोटो दाखवला, खाली लिहिलं समस्या. एकीनं पडक्या शाळेचा दाखवला, समस्या. मंग आमची पल्लवी गेली, चांगली साडी नेसून, धीट बोलली, मले बरं वाटून राह्यलं होतं, अन् मागं पडद्यावर फोटो आला तो माझा.

मी टाकीजवळ बसली आहे, मान खाली. मी सांबाराच्या जुड्या बांधून राह्यली होती, जुडी बांधताना मान खालीच असते, वर पाहून जुडी बांधता येते का? पण फोटोत असं वाटे का रडून राह्यली. अन् खाली लिहिलं होतं, समस्या.

गढूळ पाणी, पडकी शाळा अन् मी.

सगळ्याइनं टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारची बाई म्हणे, किती वाईट दिवस काढले असतील हो या बाईनं. तिनं मले ओळखलं नाई, मी त्या दिवशी नवं लुगडं नेसली होती.

येताना एसटीत पल्लवीले विचारलं, तो फोटो कधी काढला? ती म्हणे, उन्हाळ्यात, चांगला आला म्हणून. मी म्हटलं, सावली होती ना तिथं? ती म्हणे, होती, पण फोटोत नाई आली. मंग म्हणे, आई, तसं लिहावं लागते, त्याच्याशिवाय ते ऐकत नाई. मी खिडकीतून बाहेर पाह्यलं. मले वाटलं होतं हे लोक वावर नेतील.

मंग वर्ष संपत आलं. आता पुढच्या वर्षी पैसे द्यायचे का नाई हे ठरवाले वरचे पाव्हणे येणार होते, मुंबईच्या एक मॅडम अन् संगं कॅमेरावाला. एक दिवस आर्वीचा बाजार पाहणार, दुसऱ्या दिवशी आमचं गाव. सर आधी येऊन सारं सांगून गेले, मी दाराआडच होती, ते पल्लवीले म्हणाले, गावातल्या सगळ्या महिला बाजारातून बाहेर पडल्या हे आपलं यश आहे, आणि तुझ्या सासूबाईच तिथे बसलेल्या दिसल्या तर कसं वाटेल? पल्लवी म्हणे, त्यांची जागा आहे ती, सर. सर म्हणाले, एकच आठवडा.

रात्रभर तिचा चेहरा उतरलेला. सकाळी चुलीपाशी येऊन बसली अन् म्हणे, आई, एकच बाजार. गाडीचे हप्ते नाई आहेत, पण बॅटरी बदलायची आहे, त्या बायकाइचं काय करू, त्याइनं माझ्या भरवशावर बाजार सोडला. मी म्हटलं, माझी जागा? ती म्हणे, पारबता मावशीइशी मी बोलते फोनवर, त्या गोटा ठेवतील. मी म्हटलं, ती नाई ठेवणार, काय सांगशील तिले? ती म्हणे, मी पाह्यते ना, तुम्ही नका काळजी करू.

मले तेव्हाच शंका आली. पारबता अशी ऐकणारी बाई नाई. पण फोन झाला अन् पल्लवी म्हणे, झालं, ठेवते म्हणाल्या. मी म्हटलं, काय बोलली तू? ती म्हणे, सांगतलं काही तरी. अन् मी गप्प राह्यली. इतक्या वर्षात बिमारीशिवाय मी पहिल्यांदा बाजार सोडला, दिवसभर घरात जीव लागत नव्हता, अंगणात सांबाराच्या जुड्या बांधत बसली अन् परत सोडल्या.

दुसऱ्या दिवशी पाव्हणे आले. अंगणात सतरंजी, गावातल्या साऱ्या बायका एकसारख्या रंगाच्या साड्या नेसून बसलेल्या, तर्रीचे पोहे केलेले. मॅडम माझ्याच उमरच्या, सुती साडी, केस पांढरे, गोड बोलणाऱ्या. मले समोर बसवलं. माझ्या हातात पोह्याची प्लेट, कॅमेरावाला माझ्या तोंडाकडं कॅमेरा करून उभा, मॅडम विचारून राह्यल्या का आता तुम्हाला कसं वाटतं, अन् तेवढ्यात फाटकापाशी ऑटो थांबला.

ऑटोतून पहिले रडण्याचा आवाज आला. मंग पारबता उतरली, तिच्यामागं बाजारातल्या आणखी तिघी, हातात मोसंब्या, बिस्कुटाचा पुडा, शहाळं. पारबता फाटकातूनच रडत आली, काय झालं वं माय तुले, काल दिवसभर तुझ्या गोट्याकडं पाहून घास नाई उतरला वं, अन् सतरंजीपाशी आली अन् तिनं मले पाह्यलं. नव्या साडीत. पोहे खाताना.

तिचं रडणं तोंडातच राह्यलं.

म्हणजे पल्लवीनं सांगतलं होतं का आई बिमार आहे. दुसरं कोणतं कारण चालत नाई हे तिले माईत होतं, मी बोलताना कधी ऐकलं असन. पण बिमार म्हटलं का बायका पाहाले येतात हे तिले नव्हतं माईत. तिच्या माहेरी कोणी बिमार पडलं तं फोन करून विचारतात, लोकाइले काऊन त्रास द्यायचा म्हणून घरी जात नाई.

मॅडम उठल्या, म्हणाल्या, या या, तुम्ही पण आपल्या गटातल्या का? पारबता म्हणे, आम्ही बिमार पाहाले आलो. मॅडम म्हणाल्या, कोण आजारी आहे? गावातल्या बायका सतरंजीकडं पाहून राह्यल्या, सरांनी पल्लवीकडं पाह्यलं, कॅमेरा चालूच होता. पारबतानं सरांले ओळखलं. म्हणे, हेच आलते काल बाजारात, तुझ्या पोत्याचा फोटो काढून राह्यले होते, मी म्हटलं, बिमार बाईच्या पोत्याचा फोटो नका काढू बापा, नजर लागते, तं मले म्हणे, बाजूला व्हा आजी. माझी सावली पडून राह्यली होती म्हणे फोटोत.

मी उठली, म्हटलं, पारबता, बस, चहा घे. ती म्हणे, बसाले नाई आलो, ऑटो थांबला आहे. तिनं मोसंब्या ओट्यावर ठेवल्या. बिमार नसली तरी आणलेल्या मोसंब्या परत कशा न्यायच्या. मंग पिशवीतून माझं पोतं काढलं, नीट घडी केलेलं, ते ओट्यावर ठेवलं, त्याच्यावर गोटा ठेवला. मी वाट पाहून राह्यली होती का आता उचलते. तिनं त्याच्याकडं पाह्यलं, माझ्याकडं पाह्यलं, अन् पदर खोचून फाटकाकडं निघाली.

पल्लवी मागून धावली, म्हणे, मावशी, पोतं राह्यलं तुमचं.

पारबता थांबली. म्हणे, माझं नाई, बाई. तुझ्या सासूचं आहे, सासूच्या घरी राह्यलं.

ऑटो गेला. पल्लवी परत येऊन मले हळूच म्हणे, आई, म्हणजे काय झालं? मी म्हटलं, जागा गेली.

मॅडमनी विचारलं का हे पोतं कशाचं, हा दगड कशाचा, अन् माझ्या आधी सरच मधात पडले, म्हणे, इथली एक जुनी प्रथा आहे, बदलाच्या काळात असं होतं. तेव्हा पल्लवी बोलली. उभ्यानंच बोलली, कॅमेऱ्याकडं न पाहता.

म्हणे, प्रथा नाई सर, ही त्यांची बाजारातली जागा आहे. तुम्हाले रिकामी पाहिजे होती, मी खोटं सांगून रिकामी करून दिली. ती आज गेली. फोटोखाली मी समस्या लिहिलं होतं, तेव्हा तिथं काही समस्या नव्हती. आता आहे.

मले वाटलं, संपलं, आता गाडी बी जाते अन् पैसे बी जातात. अन् काय सांगू तुम्हाले, मॅडमच्या डोळ्यात पाणी. म्हणाल्या, किती प्रामाणिक, किती महत्त्वाचं बोललीस, हेच आम्हाला ऐकायचं असतं, पल्लवी, हे पुन्हा एकदा बोलशील, इकडे बघून? अन् कॅमेरावाला पुढं सरकला.

त्याइच्या हाती तुम्ही काही बी द्या, त्याचा फोटोच होते.

पल्लवीनं त्याइच्याकडं पाह्यलं, ओट्यावरचं पोतं-गोटा उचललं, गाडीत टाकलं अन् गाडी घेऊन निघाली. पाव्हणे अंगणात सोडून. बॅटरीची गाडी, तिले आवाज बी नाई, अशी चूपचाप फाटकातून गेली. मॅडम मले म्हणाल्या, कुठे गेली ती? मी म्हटलं, पोहे घ्या, थंडे होऊन राह्यले.

फाट्यावर ऑटो गॅस भराले, का कशाले, थांबला होता तिथं तिनं त्याइले गाठलं. काय बोलली ते तिनं मले सगळं नाई सांगतलं. पारबताच्या पाया पडली एवढं मले दुसरीकडून समजलं. पारबतानं गोटा परत नाई घेतला. म्हणे, आज तुझ्या सासूसाठी ठेवला तं उद्या ज्याले त्याले गोटा ठेवून धंदे कराले मोकळं होईल, मंग गोट्याले कोण विचारते. खरंच आहे ते, मी असती तं मी बी तेच म्हटलं असतं. पण जाता जाता तिनं म्हटलं, नालीजवळ जागा आहे, तिथं कोणालेही बसता येते, आम्ही बी तिथूनच सुरू केलं होतं.

पुढच्या बाजाराले मी नाई जाणार होती. आता या उमरीत नालीजवळून सुरू करू का? सकाळी उठली तं पल्लवी माझ्या आधी तयार, माल बांधलेला, पोतं काखेत. म्हणे, चला, एसटी जाईन. मी म्हटलं, तू कुठं? म्हणे, तुम्ही सासूबाईइच्या पोत्यावर बसल्या होत्या ना, मले बी बसा म्हणा.

मी तिच्याकडं पाह्यलं, अन् खरं सांगते, तेव्हा बी पहिले मनात आलं का हे संस्थेनंच सांगतलं असन, याचा बी फोटो काढाले कोणी तरी येईन. मी दोन-तीन बाजार इकडं-तिकडं पाहून राह्यली होती, कॅमेरावाला कुठं दिसते का. नाई दिसला. वास येते तिथं, गिऱ्हाईक कमी, अन् पल्लवी मेथी निवडून विकाले बसली तं साऱ्या बायका हसल्या, म्हणाल्या, मास्तरीण, खाऊन बी दाखवशील का? तिनं म्हटलं, तुमच्या नवऱ्याले पाठवा, त्याले खाऊ घालते. तेव्हापासून हसणं बंद झालं अन् बोलणं सुरू झालं. बाजाराच्या दिवशी ती पोत्यावर असते, बाकी दिवस गाडीवर.

संस्थेनं दुसऱ्या वर्षाचे पैसे दिले. काऊन दिले, मले अजून समजलं नाई. सरांचा फोन येते, मॅडमले ती गोष्ट लय आवडली म्हणे, बाजारातल्या जागेवर एक फिल्म काढायची आहे म्हणे. पल्लवी सांगते, पैसे चालतील, मदत चालेल, फिल्म नाई. ते म्हणतात, पाहू. हा पाहू शब्द मले आवडत नाई. लोक वाईट नसतील, मी असं म्हणत नाई का वाईट आहेत, त्या अधू बाईची मेथी आज विकल्या जाते ते त्याइच्यामुळंच. पण मी दाराआड उभी राह्यणं सोडलं नाई.

अन् टाकीजवळच्या माझ्या जागेवर आता कोण बसते माईत आहे? पारबताची सून. नियमानं एकेक जागा सरकायची असते, पण मधातल्या दोघी-तिघीइले सावलीची गरज नाई म्हणे, असं पारबता सांगते. मी काही म्हणत नाई. तिनं त्याच्यासाठीच पोतं सोडलं असं मी कधी म्हटलं नाई, म्हणणार नाई. ती मले अजून डब्यातलं लोणचं पाठवते, मी वांगे पाठवते. फक्त जाता-येता मी त्या सावलीकडं पाह्यते, अन् ती मले पाहताना पाह्यते.

मागच्या बाजाराले आम्ही नालीपासून एक जागा वर सरकलो. एक बाई पोरीकडं राहाले गेली, तिची जागा भेटली. टाकीपाशी मी काही पोचत नाई आता, पल्लवी पोचन, तिले वेळ आहे. देव तिले तिथलोक नेवो. तिची मान बी आता जुड्या बांधून बांधून खाली राह्यते, मी तिले सांगत असते, मधात वर पाहत जा.

तुम्ही बी एवढा वेळ लिहून राह्यले. याच्यात तुम्हाले काय भेटते, मी विचारत नाई, विचारलं तं तुम्ही म्हणान काही नाई, अन् मंग मले झोप नाई लागणार. लिहा. फोटो काढायचा असन तं तोही काढा. पण मी वर पाहून राह्यली असताना काढा, अन् त्याच्याखाली काय लिहिणार ते मले पहिले वाचून दाखवा.